डॅन मरीनो, १९८४: ५,०८४ यार्ड सगळ्यांच्या तोंडी, पण खरी उडी ४८ ची

निळी_छत्री (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांमध्ये हल्ली "पाच हजार यार्डांचं काय एवढं कौतुक" असा सूर हमखास लागतो, म्हणजे क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याने) एका मोसमात पासवर मिळवलेल्या पाच हजार यार्डांचं. लागणारच. २०११ च्या एकाच मोसमात तिघांनी ती रेघ ओलांडली: ड्रू ब्रीस ५,४७६, टॉम ब्रेडी ५,२३५, मॅथ्यू स्टॅफर्ड ५,०३८. २०१३ मध्ये पेटन मॅनिंगने ब्रीसला एका यार्डाने मागे टाकलं. त्यामुळे हा खेळ नव्याने बघायला लागलेल्या मंडळींना १९८४ च्या मरीनोचे ५,०८४ यार्ड सांगितले, की "बरं, मग?" असा चेहरा होतो. त्यांच्यासाठी हा धागा. जुन्या खोडांनी भर घालावी, भांडावं.

आधी आकडे टाकून मोकळा होतो. मायामी डॉल्फिन्स, १६ सामने, त्यात १४ विजय. मरीनोने ५६४ पास फेकले, ३६२ पोचले. ५,०८४ यार्ड, ४८ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे पोचवणारे पास), १७ इंटरसेप्शन. रेटिंग १०८.९. वय २२, मोसम चालू असताना २३ पूर्ण. क्वार्टरबॅक म्हणून पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत खेळलेला हा त्याचा पहिलाच मोसम.

आता यातला कुठला आकडा मोठा? लोक यार्ड सांगतात, कारण पाच हजार हा गोल आकडा आहे आणि तो ओलांडणारा मरीनो लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, पहिला. दुसरा माणूस तिथे पोचायला २००८ उजाडलं (ब्रीस, ५,०६९). पण माझं मत असं, की यार्डांचा विक्रम आज ना उद्या व्हायचाच होता. टचडाउनचा नव्हता.

टचडाउनचा आधीचा विक्रम होता ३६. जॉर्ज ब्लँडाने १९६१ मध्ये केला, वाय. ए. टिटलने १९६३ मध्ये त्याची बरोबरी केली, आणि मग वीस वर्षं कुणी त्याच्यापुढे गेलं नाही. मरीनोने त्यावर एकदम डझनभर चढवले. त्याच वर्षी लीगमध्ये दुसरा आला सिअ‍ॅटलचा डेव्ह क्रेग, ३२ टचडाउन. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या बरोबर दीडपट.

ही दीडपट लक्षात ठेवा, कारण नंतरचे सगळे गाजलेले मोसम याच फूटपट्टीने मोजून बघितले तर गंमत दिसते. मॅनिंग २००४: ४९, दुसरा डॉन्टे कल्पेपर ३९. ब्रेडी २००७: ५०, दुसरा टोनी रोमो ३६. मॅनिंग २०१३: ५५, दुसरा ब्रीस ३९. पॅट्रिक महोम्स २०१८: ५०, दुसरा अँड्र्यू लक ३९. या चारही मोसमांत मरीनोपेक्षा जास्त टचडाउन आहेत, आणि चारपैकी एकालाही दीडपट गाठता आलेली नाही. जवळात जवळ २०१३ चा मॅनिंग, एक पूर्णांक चार.

मग झालं कसं? १९७८ मध्ये लीगने दोन नियम बदलले. रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) पहिल्या पाच यार्डांच्या पुढे ढकलायला, धरायला बचावपटूला बंदी आली. आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा मिळाली. त्याआधी रिसीव्हरची वाटेत अक्षरशः धुलाई व्हायची. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट त्यात इतका वाकबगार, की नियमाला लोक त्याच्याच नावाने ओळखतात. नियम बदलला तरी प्रशिक्षकांची डोकी एका रात्रीत बदलत नाहीत. सान डिएगोत प्रशिक्षक डॉन कॉरिएलने ते सगळ्यात आधी ओळखलं, आणि त्याच्या क्वार्टरबॅकने, डॅन फाउट्सने, ओळीने तीन वर्षं चार हजार ओलांडले: १९७९ मध्ये ४,०८२, मग ४,७१५, मग ४,८०२.

म्हणजे दार सहा वर्षं उघडंच होतं. मरीनो आत शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मार्क होते. मार्क ड्युपर आणि मार्क क्लेटन, दोघेही जेमतेम पाच फूट नऊ इंच, दोघेही वाऱ्यासारखे. क्लेटन तर १९८३ च्या ड्राफ्टच्या (संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडायची पद्धत) आठव्या फेरीत मिळालेला, म्हणजे जवळपास फुकटात. १९८४ मध्ये क्लेटनचे ७३ झेल, १,३८९ यार्ड, १८ टचडाउन. ड्युपरचे ७१ झेल, १,३०६ यार्ड, ८ टचडाउन. दोघांचीही सरासरी झेलामागे १८ यार्डांच्या वर. बचावाला एकावर दोन माणसं लावता येतात, दोघांवरही दोन-दोन लावायची तर मधला पट्टा मोकळा सोडावा लागतो. आणि तिथे नॅट मूर आणि टोनी नेथन टपलेले.

आणि हे सगळं ज्या हातामुळे जमलं तो हात. मरीनोचा पास सुटायचा तो कानाजवळून, मनगटाच्या झटक्याने. मागे हात नेणं, झोका घेणं हा प्रकारच नाही. लांबचा पास फेकायचा तर वाट बघावी लागते आणि वाट बघितली की मार बसतो, हे त्या काळचं गणित. मरीनोला अख्ख्या मोसमात सॅक केलं गेलं, म्हणजे पास सुटण्याआधीच आडवं पाडलं गेलं, फक्त १३ वेळा. त्याचं श्रेय सेंटर ड्वाइट स्टीफन्सनलाही (हा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला), पण निम्मं त्या सुटण्याच्या वेगाला. पायांचं मात्र विचारू नका. त्या वर्षी पळून त्याने कमावलेले यार्ड: उणे ७.

शेवंता_नाशिक

छान लिहिलंय, पण आमच्यासारख्यांसाठी थोडं खालच्या पायरीवरून सांगा ना. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, एवढं कळलं. इंटरसेप्शन म्हणजे समोरच्याने झेलला, तेही कळलं. पण रेटिंग १०८.९ म्हणजे काय? शंभरपैकी १०८? आमच्या शाळेत असे मार्क मिळाले असते तर...

निळी_छत्री

शेवंताताई, शंभरपैकी नाही. कमाल १५८.३. विचित्र आहे, मान्य. १९७३ पासून लीग हेच सूत्र वापरते. चार गोष्टी, सगळ्या दर पासामागे. करून दाखवतो, हातासरशी पडताळाही होईल.

पोचलेले पास: ३६२ भागिले ५६४ म्हणजे ०.६४२. त्यातून ०.३ वजा, उरलेल्याला ५ ने गुणा. १.७०९.
यार्ड: ५,०८४ भागिले ५६४ म्हणजे ९.०१. त्यातून ३ वजा, उरलेलं भागिले ४. १.५०४.
टचडाउन: ४८ भागिले ५६४, गुणिले २०. १.७०२.
इंटरसेप्शन: १७ भागिले ५६४, गुणिले २५, आणि हे सगळं २.३७५ मधून वजा. १.६२१.

बेरीज ६.५३६. भागिले ६, गुणिले १००. झाले १०८.९. प्रत्येक घटकाला २.३७५ ची वरची मर्यादा आहे, म्हणून १५८.३ च्या पुढे कुणी जात नाही.

सूत्र बसवलं तेव्हा सर्वसाधारण चांगल्या क्वार्टरबॅकचा प्रत्येक घटक १ च्या आसपास यावा असा हिशोब होता. मरीनोचे चारही घटक दीडच्या पुढे आहेत. १९८४ मध्ये लीगची सरासरी पंचाहत्तरच्या आसपास होती, आता नव्वदच्या आसपास असते. तेव्हाचे १०८ आणि आताचे १०८ यांत फरक आहे तो इथे.

टँपाची_सून

यार्ड फसवे असतात यावर आमच्या टँपाएवढा अधिकार कुणाचाच नाही. २०१९, जेमिस विन्स्टन. ५,१०९ यार्ड. मरीनोपेक्षा पंचवीस जास्त! ३३ टचडाउन. आणि ३० इंटरसेप्शन. संघ ७-९, म्हणजे सात विजय, नऊ पराभव.

दर रविवारी सासरे टीव्हीसमोर "टाकला, टाकला... दिला" एवढंच म्हणायचे.

निळी_छत्री

अगदी योग्य उदाहरण. वरच्याच सूत्रात विन्स्टनचे ६२६ पास, ३८० पोचलेले, हे घालून बघा. ८४.३ येतं. यार्ड जवळपास तेच, रेटिंगमध्ये चोवीसचा खड्डा. शिवाय विन्स्टनने ते यार्ड मिळवायला मरीनोपेक्षा ६२ पास जास्त वापरले.

कडूनिंब

धागा चांगला आहे, पण भक्तिभाव जास्त झालाय. काही टोचण्या:

यार्डांबद्दल तुम्ही स्वतःच अर्धं कबूल केलंत, उरलेलं मी सांगतो. १९८२ मध्ये खेळाडूंचा संप झाला, मोसम नऊ सामन्यांवर आला. फाउट्सने त्या नऊ सामन्यांत २,८८३ यार्ड काढले. सामन्यामागे ३२०.३. मरीनोचे १९८४ मधले सामन्यामागे ३१७.८. म्हणजे संप झाला नसता आणि फाउट्स त्याच गतीने खेळला असता तर पाच हजाराचा पहिला मानकरी तोच ठरला असता, दोन वर्षं आधी.

दुसरं, गट. मायामीच्या गटात तेव्हा कोण होतं बघा. बफलो २-१४. इंडियानापोलिस ४-१२, बाल्टिमोरहून त्याच वर्षी सामान घेऊन आलेले. जेट्स ७-९. या तिघांशी दोन-दोनदा खेळायचं. सहा सामने म्हणजे मोसमाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

तिसरं, दर. ५६४ पासांत ४८ म्हणजे साडेआठ टक्के. मॅनिंगने २००४ मध्ये ४९७ पासांत ४९ केले, जवळपास दहा टक्के. इंटरसेप्शन फक्त १०. रेटिंग १२१.१. शिवाय त्या वर्षी शेवटच्या सामन्यात त्याला सुरुवातीच्या एका ड्राइव्हनंतर (संघाच्या चढाईच्या एका पाळीनंतर) बसवून ठेवलं होतं. मला विचाराल तर २००४ सरस.

पिट्सबर्गकर_काका

कडूनिंबराव, गटाचं म्हणताय तर तुम्ही सोयीचे तीनच संघ मोजलेत. बाकीचंही बघा. पहिलाच सामना वॉशिंग्टनमध्ये, वॉशिंग्टनच्या घरी. हे आदल्या वर्षीचे सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) उपविजेते. मरीनो: २८ पैकी २१ पोचलेले, ३११ यार्ड, ५ टचडाउन, ३५-१७. आदल्या वर्षीचे विजेते कोण, तर रेडर्स. त्यांच्याविरुद्ध डिसेंबरमध्ये मायामी ४५-३४ हरले, पण मरीनोचे ४७० यार्ड आणि ४ टचडाउन. म्हणजे मागच्या सुपर बोलमधल्या दोन्ही संघांना मिळून नऊ. आणि अगदी शेवटी सोमवारी रात्री डॅलसविरुद्ध चार, त्यातले तीन क्लेटनला. त्यातच क्लेटनचे १८ झाले. एका मोसमातल्या झेललेल्या टचडाउनचा विक्रम तोवर १७ होता, पार १९४२ च्या डॉन हटसनपासूनचा.

आता आमच्या गावचं दुःख सांगतो. मरीनो पिट्सबर्गचा. जन्म इथला, कॉलेज इथलं. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये इथल्या स्टीलर्सची पाळी एकविसावी, त्यांचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ, त्याचं कोपर कामातून गेलेलं, पोरगा घरचा, आणि तरी त्यांनी बचावाचा गडी घेतला. सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामीच्या प्रशिक्षकाने, डॉन शुलाने, उचलला. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले होते: एल्वे, ब्लॅकलेज, केली, ईसन, ओब्रायन. कारण काय, तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मरीनोचे १७ टचडाउन आणि २३ इंटरसेप्शन. त्याआधीच्या वर्षीचे ३७ टचडाउन सगळे सोयीस्कर विसरले.

मग ६ जानेवारी १९८५. एएफसीचा (लीगच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम सामना, स्टीलर्स विरुद्ध मायामी. ४२१ यार्ड, ४ टचडाउन, ४५-२८. इथल्या म्हाताऱ्यांसमोर अजून हा विषय काढू नये.

निळी_छत्री

काका, __/\__

कडूनिंब, फाउट्सचा मुद्दा मला पूर्ण मान्य, किंबहुना माझ्या बाजूचाच आहे. यार्डांची शिडी लागलेली होती: ४,०८२, ४,७१५, ४,८०२, मग ५,०८४. शेवटची पायरी सहा टक्क्यांचीसुद्धा नाही. पण त्याच फाउट्सचे टचडाउन बघा. सगळ्यात चांगल्या वर्षी, १९८१ मध्ये, ३३. कॉरिएलचं एवढं यंत्र, विन्स्लोसारखा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), आणि तरी ३६ च्या अलीकडे. तिथे शिडी नव्हतीच. ३३, ३६, आणि मग एकदम ४८.

मॅनिंगचा दर सरस, यावर वाद घालणार नाही. दर पासामागे बघितलं तर २००४ हा सुंदर मोसम आहे. पण त्या वर्षीची पार्श्वभूमी सांगितलीच पाहिजे. जानेवारी २००४ मध्ये पेट्रियट्सच्या बचावपटूंनी मॅनिंगच्याच रिसीव्हरना इतकं धरून-ओढून हरवलं, की पुढच्या मोसमाआधी लीगने तो जुना पाच यार्डांचा नियम कडक लावायचं फर्मान काढलं. त्याचा फायदा त्याच वर्षी कल्पेपरलाही झाला, त्याचे ३९. १९८४ मध्ये नवा नियमही नव्हता, नवी सक्तीही नव्हती. तरी मरीनोचे ४८ आणि बाकीचे ३२ किंवा त्याखाली.

शेवंता_नाशिक

आता मला समजलं असं वाटतंय, बघा बरोबर का. कपिल देवचा एकदिवसीय स्ट्राइक रेट ९५ आहे. आजच्या पोरांना सांगितलं तर म्हणतील, त्यात काय. पण तो ज्या काळात खेळला तेव्हा बाकीचे साठ-पासष्टने खेळत होते आणि त्यालाच जोरात म्हणत होते. तसंच ना हे?

कडूनिंब

शेवंताताईंनी माझ्या तीन परिच्छेदांचं काम एका ओळीत केलं, तेही विरुद्ध बाजूने.

तरी एक राहिलंच. मायामीला चेंडू घेऊन पळणारे नव्हते म्हणून सगळं पासवर आलं, असं मी वाचलंय. मग टचडाउन वाढणारच ना? गोलरेषेजवळ इतर संघ चेंडू हातात देऊन घुसवतात, मरीनो तिथेही फेकत असेल.

पिट्सबर्गकर_काका

पळणारे नव्हते हे अर्धं खरं. त्यांचा तरुण रनिंग बॅक डेव्हिड ओव्हरस्ट्रीट जून १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला. अँड्रा फ्रँकलिनचा गुडघा त्याच मोसमात गेला. सगळ्यात जास्त पळाला वुडी बेनेट, तोही ६०६ यार्ड. पण गोलरेषेजवळचं म्हणाल, तर त्या कामासाठी त्यांनी मोसम चालू असताना पीट जॉन्सनला आणला होता, अडीचशे पौंडांचा रणगाडा. एक-दोन यार्ड उरले की चेंडू त्याच्याकडे. म्हणजे मरीनोचे टचडाउन हे शेवटच्या यार्डाचे उरलेसुरले नव्हेत. क्लेटनची झेलामागे १९ यार्डांची सरासरी कुठून येते ते बघा.

आणि शुलाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. १९७२ चा तो अजिंक्य संघ, १७-०, शुलाचाच. त्याची पद्धत म्हणजे पळा, पळा, पळा. जानेवारी १९७४ च्या सुपर बोलमध्ये त्याच्या क्वार्टरबॅकने, बॉब ग्रीसीने, सबंध सामन्यात सात पास टाकले. सात! आणि २४-७ ने जिंकले. जानेवारी १९८३ च्या सुपर बोलमध्ये डेव्हिड वुडलीचे १४ पैकी ४ पोचले आणि मायामी हरले. अशा माणसाने पन्नाशीनंतर, दोन जगज्जेतेपदं खिशात असताना, बावीस वर्षांच्या पोराच्या हातात सगळा डाव दिला. आमच्याकडचा प्रशिक्षक चक नोल तेवढा वळला नसता, असं मला वाटतं.

ह्यूस्टनचा_बाळ्या

रच्याकने, १९८४ मध्ये पाच हजार ओलांडणारा मरीनो एकटा नव्हता. :) मरीनोच्याच ड्राफ्टमधला जिम केली एनएफएलऐवजी यूएसएफएल नावाच्या नव्या लीगमध्ये गेला, आमच्या ह्यूस्टन गॅम्बलर्सकडून. त्याच वर्षी ५,२१९ यार्ड, ४४ टचडाउन. २६ इंटरसेप्शन आणि १८ सामने, हे हळू आवाजात सांगतो. ती लीग १९८५ नंतर बंद पडली आणि हा आकडा कुणाच्या हिशोबात राहिला नाही.

निळी_छत्री

बाळ्या, हे भारी. आणि मुद्द्याचं. नवी लीग, चार-चार रिसीव्हर लावून उधळलेला डाव, दोन सामने जास्त, आणि तरी टचडाउन ४४.

टँपाची_सून

सगळं ठीक, पण हरला ना शेवटी? १४-२ आणि ४८ टचडाउन करून सुपर बोलमध्ये ३८-१६? तेव्हा कुठे गेला होता तो कानाजवळचा हात? (दिवे घ्या.)

निळी_छत्री

दिवे घेतले. हात तिथेच होता. २० जानेवारी १९८५, स्टॅनफर्ड स्टेडियम, समोर सान फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स, मोसमात १५-१. पहिला क्वार्टर संपला तेव्हा मायामी १०-७ ने पुढे. मरीनो चेंडू इतक्या घाईने चालवत होता की समोरच्यांना माणसं बदलायला सवड मिळत नव्हती.

मग त्यांच्या बचावाच्या प्रशिक्षकाने, जॉर्ज सायफर्टने, लाइनबॅकर काढून जास्तीचे बचावपटू आत घातले. पळणारे समोर नाहीतच तर लाइनबॅकर कशाला ठेवायचे? दाब आणायचं काम फक्त पुढच्या चौघांवर, मागे पासच्या वाटेवर सहा-सात जण. आणि मागचे कोण तर रॉनी लॉट, एरिक राइट, ड्वाइट हिक्स, कार्लटन विल्यमसन. त्या वर्षी चौघेच्या चौघे प्रो बोलमध्ये (लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना) होते. मायामीने सबंध सामन्यात चेंडू पळवला फक्त नऊ वेळा, मिळाले २५ यार्ड. मरीनोला ५० पास टाकावे लागले, २९ पोचले, १ टचडाउन, २ इंटरसेप्शन. मोसमात १३ वेळा सॅक झालेला माणूस त्या एका संध्याकाळी चार वेळा आडवा झाला.

काकांनी वर सांगितलेलं पळणाऱ्यांचं दुखणं सोळा सामने झाकलं गेलं, ते इथे उघडं पडलं. आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटाना: ३३१ यार्ड, ३ टचडाउन पासवर आणि एक स्वतः पळून. मायामीच्या बचावाला तो आवरला नाही. बचाव घडवणारा बिल आर्नस्पार्गर त्या मोसमाआधीच संघ सोडून लुइझियाना स्टेटला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला होता.

कडूनिंब

म्हणजे ज्या कारणाने ४८ झाले त्याच कारणाने हरला. हे तुम्ही मूळ लेखात घालायला हवं होतं.

निळी_छत्री

त्या वाक्याच्या पूर्वार्धाशी सहमत नाही. पळणारे नसल्याने पासांची संख्या वाढते, मान्य, पण ५६४ हा आकडा तेव्हाही काही अचाट नव्हता. फाउट्सने १९८१ मध्ये ६०९ टाकले होते. दर पासामागे नऊ यार्ड कुठून आले, हा प्रश्न उरतोच.

१९८६ बघा. मरीनोचे ४४ टचडाउन, ४,७४६ यार्ड, पास ६२३. तेव्हा इंटरसेप्शन २३ आणि संघ ८-८. बचाव कोसळला, दर सामन्यात मागून धावायचं, म्हणून फेकाफेकी. तुमचं वाक्य १९८६ ला चपखल बसतं, १९८४ ला नाही. गंमत म्हणजे २००४ पर्यंत लीगच्या इतिहासातले पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक मरीनोचेच होते. ४८ आणि ४४.

पिट्सबर्गकर_काका

आणि १९९९ पर्यंत खेळूनही सुपर बोलला पुन्हा गेला नाही. तेविसाव्या वर्षी सगळ्यांना वाटलं होतं, हा दर दोन वर्षांनी येणार.

टँपाची_सून

आमच्याकडे उलटं. तीस इंटरसेप्शनवाला गेला, त्रेचाळीस वर्षांचा ब्रेडी आला, आणि पहिल्याच वर्षी स्वतःच्या मैदानावर सुपर बोल. सासरे अजून तेच हायलाइट लावून बसतात. आता त्यांना मरीनोचे व्हिडिओ दाखवते, जरा बदल.

शेवंता_नाशिक

मी पण बघितले आत्ताच, डॅलसचा सामना. तो हात खरंच दिसत नाही, चेंडूच दिसतो एकदम.

एक शेवटची शंका. दुसऱ्या क्रमांकाशी तुलना करायची ही पद्धत नेहमी चालते का? दुसरा पण त्याच वर्षी भन्नाट खेळला तर पहिल्यावर अन्याय नाही का?

निळी_छत्री

होतो, आणि ताजं उदाहरणच आहे. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचे ४१ टचडाउन, इंटरसेप्शन फक्त ४, वर पळून ९१५ यार्ड. माझ्या फूटपट्टीवर तो पहिलासुद्धा येत नाही, कारण सिनसिनाटीच्या जो बरोचे ४३. आणि बरोचा संघ ९-८ होऊन प्लेऑफबाहेर (बाद फेरीबाहेर). म्हणून फूटपट्टी एकटी वापरू नये. मरीनोच्या बाबतीत ती वापरली, कारण रेटिंग, यार्ड, दर पासाची सरासरी, सॅक, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

कडूनिंब

२०२४ च्या लमारला एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) न देता जॉश अ‍ॅलनला दिला, त्यावर मला बरंच बोलायचंय.

निळी_छत्री

वेगळा धागा काढा, येतोच. इथे ४१ आणि ४ वर सुरू झालात तर मरीनो शंभर प्रतिसादांखाली गाडला जाईल.

ह्यूस्टनचा_बाळ्या

काढलाय. दुवा विचारपुशीत टाकतो.